नंदबाबूंच्या वहीतला जपान

१९२४ सालच्या जून महिन्यात रवींद्रनाथ ठाकूर पुन्हा जपानला गेले. नोबेल मिळवलेला आशियातला पहिला कवी म्हणून त्यांच्याभोवती जिथे तिथे माणसांची दाटी होई. वार्ताहर येत, विद्यार्थी येत, सरकारी पाहुणे येत. त्या दाटीच्या कडेला त्यांच्याबरोबर आलेला एक्केचाळीस वर्षांचा, अबोल, साधासा दिसणारा माणूस असे. त्याला भाषण करायचं नव्हतं. पोस्टकार्डाच्या मापाचे कोरे कागद, एखादा कुंचला आणि शाई एवढं जवळ असलं की त्याचा प्रवास चाले. जे डोळ्यांना भावेल ते तो दोन-चार रेषांत उतरवून घेई.

हे नंदलाल बोस. शांतिनिकेतनात सगळे त्यांना ‘मास्टरमोशाय’ म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत मास्तर. आपल्यापैकी अनेकांनी त्यांचं नाव ऐकलं नसेल, पण त्यांचं काम पाहिलं असतं. भारताच्या संविधानाची जी मूळ हस्तलिखित प्रत आहे, तिच्या प्रत्येक भागाच्या आरंभी एक चित्र आहे. मोहेंजोदडोच्या मुद्रेपासून गांधीजींच्या दांडीयात्रेपर्यंत हिंदुस्थानचा सारा इतिहास त्या चित्रांत येतो, आपले शिवाजी महाराजही येतात. ती चित्रं नंदबाबूंच्या देखरेखीखाली शांतिनिकेतनच्या मंडळींनी काढली.

आता कुणी विचारील की साकोलीत बसून बंगालच्या चित्रकाराची आणि त्यातून जपानची आठवण कशाला? एक कारण साधं आहे. साकोली हे चित्रकार शंकर पळशीकरांचं जन्मगाव. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ते अधिष्ठाता झाले. तेव्हा चित्रकलेविषयी चार शब्द लिहिण्याचा हक्क या गावाला आहे. दुसरं कारण मोठं आहे. नंदबाबूंच्या आयुष्याची वाट तीन वेळा आपल्या माणसांच्या अंगणातून गेली आहे. एकदा अजिंठ्याला, एकदा खानदेशातल्या फैजपूरला आणि एकदा बडोद्याला, गायकवाडांच्या मराठी राज्यात. या तीन मुक्कामांच्या मध्ये जपानची ती चिमुकली वही ठेवली, की सगळा हिशेब जुळतो. जन्म बँकेत गेल्यामुळे मला हिशेब जुळला की बरं वाटतं.

कॉमर्स सोडलेला विद्यार्थी

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ चा, बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यातल्या खडगपूरचा. रेल्वेचं मोठं जंक्शन असलेलं खडगपूर ते वेगळं. हे छोटं गाव. वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते. आई क्षेत्रमणीदेवींच्या हाताला कला होती. त्या मुलांसाठी मातीची खेळणी करत, बाहुल्या करत. ही आई नंदलाल लहान असतानाच गेली. गावात कुंभार मूर्ती घडवत, तिथे हा मुलगा तासन् तास बसे. आपल्याकडे पोळ्याच्या आधी मातीचे बैल होत असताना पोरं कुंभाराच्या दारात कशी खिळून बसतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे शिक्षणासाठी कलकत्ता. पुस्तकी अभ्यासात मन रमेना. १९०३ मध्ये सुधीरादेवींशी लग्न झालं होतं, त्यामुळे पोटापाण्याचा विचार करणं भागच होतं. कॉलेजची परीक्षा काही सुटेना, तेव्हा घरच्यांच्या आग्रहाने कॉमर्सच्या वर्गात नाव घातलं. तिथेही तेच. शेवटी आपली चित्रं काखोटीला मारून हा तरुण सरकारी कलाशाळेत गेला आणि अवनींद्रनाथ ठाकुरांपुढे उभा राहिला. अवनींद्रनाथ म्हणजे रवींद्रनाथांचे पुतणे. शाळेचे प्राचार्य होते ई. बी. हॅवेल. हिंदुस्थानी मुलांनी ग्रीक पुतळ्यांच्या नकला काढत बसू नये, आपल्याच कलेकडे पाहावं, असं मानणारा हा इंग्रज. दोघांनी मुलाला ठेवून घेतलं. कॉमर्सच्या खात्यातली ही नोंद वेळीच खोडली गेली म्हणून पुढचं सगळं घडलं.

१९०८ मध्ये त्यांच्या शिव-सतीच्या चित्राला पाचशे रुपयांचं बक्षीस मिळालं. त्या काळात पाचशे रुपये ही थोडी रक्कम नव्हती. नंदबाबूंनी ते पैसे घेऊन प्रवास केला, उत्तरेतली देवळं पाहिली, शिल्पं पाहिली. पैसा आला की पाहायला निघायचं, ही सवय तेव्हापासूनची.

अजिंठ्याच्या भिंती

१९०९-१० च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम नावाच्या एक इंग्रज बाई अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आल्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून तरुण चित्रकार गेले, त्यांत नंदलाल होते, असितकुमार हलदार होते. ही पोरं तिथे गेलीच पाहिजेत, हा आग्रह भगिनी निवेदितांचा. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. आजच्यासारखी बसगाड्यांची सोय नाही, दिवे नाहीत. लेण्यांतल्या अंधारात डोळे ताणून, वटवाघळांच्या वासात उभं राहून रेषेमागे रेषा उतरवायची. तोवर नंदलाल कागदावर, मांडीवर मावेल एवढं चित्र काढत होते. अजिंठ्याने त्यांना भिंत दाखवली. हात न थांबवता माणसाच्या खांद्यापासून बोटापर्यंत जाणारी रेषा दाखवली. राजपुत्राइतक्याच मायेने रंगवलेली दासी दाखवली, माकडं आणि हंस दाखवले.

अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहास मोठा दुर्दैवी आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने तिथे वर्षानुवर्षं राहून मोठमोठी चित्रं उतरवली. त्यांतली बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत गेली. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेच काम पुन्हा केलं. त्यातल्या अनेक चित्रांचा १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत घास झाला. पण या गोष्टीतली तिसरी आग जपानमध्ये लागली, आणि तिचा नंदबाबूंशी संबंध आहे.

जपान आधी घरी आला

नंदलाल जपानला गेले त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी जपानच कलकत्त्याला आला होता. ओकाकुरा काकुझो हे जपानी कलापंडित १९०२ मध्ये ठाकुरांच्या घरी राहिले. आशियाच्या सगळ्या कलांना एका धाग्यात पाहणारा हा माणूस. परत गेल्यावर त्यांनी योकोयामा ताईकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन तरुण चित्रकार कलकत्त्याला पाठवले. ताईकान कागद ओला करून त्यावर रंग पसरू देत. ते पाहून अवनींद्रनाथांनी चित्रच पाण्यात बुडवून काढण्याची आपली स्वतःची रीत बसवली. धुक्यातून पाहिल्यासारखी दिसणारी बंगाली चित्रं जुन्या मासिकांत आपण पाहिली आहेत, ती या रीतीची.

ओकाकुरा १९१२ मध्ये पुन्हा आले तेव्हा नंदबाबूंची त्यांच्याशी भेट झाली. ओकाकुरांनी काड्यापेटीतल्या तीन काड्यांचा त्रिकोण मांडून त्यांना कला समजावली, अशी आठवण सांगितली जाते. एक काडी निसर्गाची, दुसरी परंपरेची, तिसरी स्वतःच्या प्रतिभेची. एक काढली की त्रिकोण मोडला. शाळामास्तरालाही हेवा वाटावा असा हा पाठ. पुढच्याच वर्षी ओकाकुरा वारले, पण त्या तीन काड्या नंदबाबूंनी आयुष्यभर जपल्या. आपल्या विद्यार्थ्यांना ते हाच त्रिकोण शिकवत.

१९१६ मध्ये रवींद्रनाथ पहिल्यांदा जपानला गेले. तिथली मोठी, मोकळी चित्रं पाहून त्यांनी घरी पुतण्यांना पत्रं लिहिली. घरात बसून राहू नका, बाहेर पडा, जग पाहा, असा त्यांचा सूर होता. येताना त्यांनी अराई काम्पो या चित्रकाराला कलकत्त्याला येण्याचं आमंत्रण दिलं. ठाकुरांच्या वाड्यातल्या ‘विचित्रा’ मंडळात अराई शिकवू लागले आणि नंदबाबू त्यांच्याकडून जपानी कुंचला धरायला शिकले.

हे शिक्षण म्हणजे काय ते थोडं समजून घ्यायला हवं. जपानी शाई कांडीच्या रूपात येते. दगडावर पाण्याचे थेंब टाकून ती उगाळायची, सहाणेवर आपण चंदन उगाळतो तशी. उगाळता उगाळता मन शांत होतं, तो अर्धा अभ्यास. मग कुंचला उभा धरायचा आणि मनगटाऐवजी सगळा हात हलवायचा. कागद शाई पिऊन घेणारा, त्यामुळे खोडायची सोय नाही. एकदा रेघ पडली की पडली. आपल्याकडे जुने कारकून बोरू न उचलता मोडीची ओळ ओढत. तो हात ज्यांनी पाहिला असेल त्यांना या कलेचं मर्म कळेल. पाहणं आधी पुरं व्हावं लागतं, मगच हात उचलायचा.

हेच अराई १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्याला गेले. जपानी मंडळींबरोबर राहून त्यांनी तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. मोठ्या जपणुकीने त्या तोकियोच्या विद्यापीठात नेल्या. १ सप्टेंबर १९२३ ला तिथे महाभूकंप झाला, पाठोपाठ आगी लागल्या. लाखावर माणसं गेली. त्या आगीत अजिंठ्याच्या या प्रतिकृतीही गेल्या. माणसांच्या त्या हाहाकारात चित्रांचा शोक कोण करणार? पण नंदबाबू ज्या जपानमध्ये उतरले तो हा जपान होता. भूकंपाला जेमतेम नऊ महिने झालेला आणि पुन्हा बांधायला घेतलेला.

चोवीस सालची वही

२१ मार्च १९२४ ला मंडळी कलकत्त्याहून जहाजाने निघाली. रवींद्रनाथांबरोबर संस्कृतचे पंडित क्षितिमोहन सेन होते, इतिहासकार कालिदास नाग होते, श्रीनिकेतनात शेतीसुधारणेचं काम करणारे लेनर्ड एल्महर्स्ट होते आणि चित्रकार म्हणून नंदलाल. प्रत्येकाने आपल्या विषयापुरतं जग पाहायचं आणि शांतिनिकेतनात आणून जमा करायचं, अशी ही योजना होती. रंगून, मलाया, हाँगकाँग करत १२ एप्रिलला शांघाय. मग हांगचौ, नानकिंग, पेकिंग. ८ मे रोजी पेकिंगमध्ये रवींद्रनाथांचा वाढदिवस झाला, त्यांचं ‘चित्रा’ नाटक तिथल्या मंडळींनी केलं. चीनमध्ये सगळंच गोड नव्हतं. तिथल्या तरुणांपैकी काहींना पूर्वेच्या अध्यात्माच्या गोष्टी नको होत्या, त्यांना कारखाने आणि क्रांती हवी होती. रवींद्रनाथांच्या सभांमध्ये विरोधाची पत्रकंही वाटली गेली.

मे महिना संपता संपता मंडळी जपानकडे निघाली. तिथे वेगळाच ताप होता. अमेरिकेने त्याच महिन्यात जपानी लोकांना आपल्या देशात येऊन राहायला बंदी करणारा कायदा केला होता आणि सारा देश अपमानाने धुमसत होता. व्याख्यानं, स्वागत, राजकारण यांच्या मधून नंदबाबू आपली वाट काढत होते. जपानमधला मुक्काम अवघ्या काही आठवड्यांचा. पण त्यांनी वीस वर्षं ज्यांची नावं ऐकली, ज्यांचे छापील नमुने पाहिले, त्या चित्रकारांचा हा देश होता. ताईकान इथले. अराई इथले. ज्या कुंचल्याने ते कलकत्त्यात शिकले, तो कुंचला इथल्या हाटात मिळणारा.

जपानच्या घरात भिंतीवर चित्रांची गर्दी नसते. बैठकीच्या खोलीत एक कोनाडा असतो, त्यात एका वेळी एकच चित्र टांगतात. ऋतू बदलला की ते गुंडाळून ठेवतात आणि दुसरं काढतात. खाली एखादं फूल. बाकी खोली रिकामी. सरदाराच्या घरात हे आणि साध्या माणसाच्या घरातही आपापल्या परीने हेच. चहाचा पेला मातीचा, पळी बांबूची, पण हाताला गोड लागावी अशी घडवलेली. चित्रकाराच्या डोळ्यांना यात एक मोठी गोष्ट दिसते. सुंदर असण्यासाठी महाग असावं लागत नाही. कला देवळात आणि राजवाड्यात असते तशी ती सुपात, चटईत आणि पळीतही असू शकते.

नंदबाबूंच्या प्रवासातल्या रेखाटनांकडे पाहताना सगळ्यांत आधी त्यांचं माप डोळ्यांत भरतं. तळहाताएवढे कागद. त्यावर काळ्या शाईच्या मोजक्या रेषा, कुठे पाण्याने फिकट केलेला शाईचा एखादा लपका, कोपऱ्यात सही किंवा पूर्वेकडच्या रिवाजाप्रमाणे छोटा ठसा. पांढरी जागा भरपूर सोडलेली. ती रिकामी जागाच कधी पाणी होते, कधी आभाळ. असे कार्ड ते जन्मभर काढत राहिले आणि कितीतरी कार्डं टपालाने मित्रांना, शिष्यांना, घरच्यांना धाडून दिली. खुशालीच्या पत्रासोबत एक बकरी, एक ताडाचं झाड, एखादी होडी. दिल्लीच्या जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, त्याच्या संग्रहात नंदबाबूंच्या ६,८०० च्या घरात कलाकृती आहेत. त्यांत या चिमुकल्या कार्डांची संख्या फार मोठी आहे.

आज आपण सहलीला गेलो की फोनवर दोन दिवसांत पाचशे फोटो निघतात. घरी आल्यावर ते पुन्हा पाहायला सवड होत नाही. फोटोला नावं ठेवण्याचं कारण नाही, माझ्या नातवंडांचे फोटो मीही जपून ठेवतो. पण रेखाटनासाठी थांबावं लागतं. झाड काढायचं तर ते कुठून वाकलंय, वारा कुठून येतो, सावली कुठे पडते हे कळेपर्यंत नजर हटवता येत नाही. म्हणून वहीत एकदा आलेलं डोक्यातून जात नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ती मुदत ठेव. नंदबाबूंनी १९२४ मध्ये जी ठेव ठेवली, तिची मुदत बारा वर्षांनी भरली, आणि ती वटली आपल्या खानदेशात.

शांतिनिकेतनचे मास्तर

परत आल्यावर नंदबाबू जपानी चित्रं काढू लागले का? तसं झालं नाही, हाच त्यांचा मोठेपणा. परदेशातून आलेला माणूस काही दिवस तिथलंच बोलतो. नंदबाबूंनी तिथला कुंचला आणला आणि समोर बसवला तो वीरभूमचा संथाळ शेतकरी, तांबडी माती, पळस, ताड, म्हशी. १९२२ पासून ते कलाभवनाचे प्रमुख होते. तिथे त्यांनी चित्रकलेबरोबर बाटिक, चामड्याचं काम, पुस्तकबांधणी, रांगोळीसारखी अल्पना, मातीच्या भिंतींवरची चित्रं अशा कितीतरी गोष्टींना मानाचं पान दिलं. उत्सवाच्या दिवशी झाड लावायचं असो की नांगर धरायचा असो, सजावट पाना-फुलांची आणि मातीची. त्यांचा मुलगा विश्वरूप पुढे जपानला जाऊन लाकडी ठशांची रंगीत छपाई शिकून आला. शिष्य विनोदबिहारी मुखर्जी १९३७-३८ मध्ये जपानला गेले. कोल्हापूरचे विनायक मासोजी हे मराठी चित्रकार तर नंदबाबूंचे शिष्य आणि नंतर कलाभवनातलेच शिक्षक. सत्यजित राय यांनीही सिनेमाकडे वळण्याआधी याच मास्तरांकडे धडे घेतले.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. जपानच्या कुंचल्यावर प्रेम असलं तरी तिथल्या तलवारीवर या मंडळींनी प्रेम केलं नाही. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा नोगुची नावाच्या जपानी कवीने रवींद्रनाथांना त्याचं समर्थन करणारी पत्रं लिहिली. १९३८ मध्ये रवींद्रनाथांनी त्यांना जाहीरपणे आणि कठोरपणे नकार दिला. शांतिनिकेतनात १९३७ पासून चीनभवन उभं होतं. तिथल्या भिंतीवर नंदबाबूंनी १९४२ मध्ये ‘नटीर पूजा’ रंगवली, बुद्धाच्या चरणी नाच अर्पण करून प्राण देणाऱ्या नर्तिकेची कथा. एखाद्या देशाचं चांगलं घ्यावं आणि वाईटाला वाईट म्हणावं, हे बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे.

फैजपूरचा बांबू

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहायला आले. त्याच वर्षीचं काँग्रेसचं अधिवेशन शहरात न घेता खेड्यात घ्यायचं असं ठरलं. काँग्रेसच्या इतिहासातलं हे खेड्यातलं पहिलं अधिवेशन, जागा पूर्व खानदेशातलं फैजपूर. मांडव, कमानी, प्रदर्शन, सगळं खेड्यातल्या कारागिरांच्या हातचं आणि खेड्यात मिळणाऱ्या सामानाचं हवं, असा गांधीजींचा हट्ट. हे काम त्यांनी नंदबाबूंवर सोपवलं. नंदबाबू गांगरले. आपण चित्रकार, मांडव आणि इमारती उभारणं हे आपलं काम नव्हे, असं त्यांनी कळवलं. गांधीजी ऐकणारे नव्हते.

मग शांतिनिकेतनचे मास्तर खानदेशात आले. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या अजिंठ्याच्या डोंगरात त्यांनी भिंतीवरची रेषा शिकली, तो इथून फार दूर नाही. यावेळी हातात कुंचल्याऐवजी बांबू होता. फैजपूरच्या शिवारात ‘टिळकनगर’ उभं राहिलं ते बांबू, गवत, चटया, माती यांतून. विटा-सिमेंटचा भपका नाही, विलायती कापडाच्या झालरी नाहीत. अध्यक्ष पंडित नेहरूंसाठी सजवलेला बैलांचा रथ होता. डिसेंबरच्या थंडीत हजारो शेतकरी तिथे आले आणि त्यांनी पाहिलं, की आपल्या घरात, गोठ्यात, खळ्यावर रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंचा राष्ट्राच्या सभेला शोभेल असा साज झाला आहे. गांधीजींनी जाहीर भाषणात नंदबाबूंचं कौतुक केलं.

मला या ठिकाणी चोवीस सालची ती वही आठवते. कोनाड्यातल्या एकुलत्या चित्राचा, बांबूच्या पळीचा जो मान जपानमध्ये होता, तो आपल्या बुरुडाच्या कामाला मिळावा यासाठी जपानची नक्कल करायची गरज नव्हती. बुरुडाला हाक मारायची गरज होती. आमच्या साकोलीच्या भागात बांबूचं रान आहे, तळी आहेत, धानाची रोवणी आहे. बुरुडाच्या हातची सुपं आणि टोपल्या मी लहानपणापासून पाहतो आहे. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांतली वीण मात्र नजरेआड होते. आता बाजारात प्लास्टिकचं सूप मिळतं, ते हलकं आहे, स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे, आणि घरोघरी तेच दिसतं. गिऱ्हाइकाला दोष देऊन उपयोग नाही. पण फैजपूरला नंदबाबूंनी जे केलं त्याचा अर्थ असा, की कारागिराला दयेपेक्षा मानाची जागा हवी असते. ती दिली तर त्याचं काम सभेच्या मांडवातही शोभतं.

फैजपूरनंतर १९३८ चं हरिपुरा. गुजरातेतलं हे गाव तापीच्या काठचं. तिथे नंदबाबू आणि त्यांच्या शिष्यांनी मिळून चारशेच्या आसपास चित्रफलक तयार केले, त्यांतले ऐंशीहून जास्त खुद्द त्यांचे. ढोल वाजवणारा, सुतार, शेतकरी, दळण-कांडण करणाऱ्या बाया. हातकागदावर मातीच्या रंगांत, जोरकस कुंचल्याने झपाट्यात काढलेली ही चित्रं. हात अराईंनी तयार केलेला, धिटाई अजिंठ्याची आणि विषय आपल्या गावातले. ओकाकुरांच्या तिन्ही काड्या इथे जुळून आल्या, असं मला वाटतं.

मग बडोदा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या घराण्याच्या स्मृतीसाठी कीर्तिमंदिर बांधलं आणि भिंती रंगवायला नंदबाबूंना बोलावलं. १९३९ मध्ये महाराज गेले, पण काम चालू राहिलं. १९४६ पर्यंत चार भिंती पुऱ्या झाल्या. गंगावतरण, मीरेचं चरित्र, नटीर पूजा आणि अभिमन्यूचं युद्ध.

जे हाताने उतरवलं

१९४० पासून जपानमध्ये नाराजवळच्या होर्युजी मंदिरातल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला घेतल्या गेल्या. अजिंठ्याच्या चित्रांशी ज्यांचं नातं सांगितलं जातं अशी ही बाराशे-तेराशे वर्षांची चित्रं. काम करणाऱ्या प्रमुख चित्रकारांत नंदबाबूंचे जुने शिक्षक अराई काम्पो होते. १९४५ मध्ये ते वारले. २६ जानेवारी १९४९ ला होर्युजीच्या त्या मंदिराला आग लागली आणि मूळ चित्रं करपून गेली. यावेळी मात्र प्रतिकृती वाचल्या. पुढे भिंती पुन्हा रंगवताना त्यांचाच आधार झाला. अजिंठ्याच्या प्रतिकृती जळाल्या आणि मूळ राहिलं. होर्युजीला मूळ गेलं आणि प्रतिकृती राहिल्या. एका चित्रकाराच्या वाट्याला दोन्ही आलं.

होर्युजीच्या आगीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, २६ जानेवारी १९५० ला, भारताचं संविधान अमलात आलं. त्याच्या मूळ प्रतीवर नंदबाबूंच्या मंडळींचा कुंचला फिरला होता. १९५१ मध्ये ते कलाभवनातून निवृत्त झाले. १९५४ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

उतारवयात त्यांच्या चित्रांतले रंग हळूहळू गळून गेले. राहिली काळी शाई, पाणी आणि पांढरा कागद. झाडं, टेकड्या, पावसातली माणसं, बकऱ्या. थकल्या हाताने रोज एखादं कार्ड होई. तरुणपणी सहाणेवर चंदन उगाळावी तशी जी शाई उगाळायला ते शिकले, तीच शेवटपर्यंत सोबतीला होती. १६ एप्रिल १९६६ रोजी कलकत्त्यात त्यांचं निधन झालं.

मोठ्या माणसांची चरित्रं वाचून मुलांनी मोठं व्हावं, असं आपण म्हणतो. नंदबाबूंच्या बाबतीत मी एवढंच म्हणेन, की येत्या सुटीत मुलांना एक स्वस्तातली कोरी वही आणि एक पेन्सिल द्यावी. सहल जपानला निघो की नागझिऱ्याला, त्याने काही अडत नाही. जे आवडेल त्यापुढे पाच मिनिटं बसून ते काढायचं, एवढी अट घालावी. चित्र वाकडं आलं तरी चालेल. झाड पाहायला मिळालं म्हणजे झालं.